नवजात कक्षाची दुसरी लाइन

प्रल्हादभाऊंनी माझ्या टेबलावर दोन मॉड्युलं ठेवली, वीतभर अंतरावर, आणि म्हणाले, "डावीकडचं ओरिजिनल. उजवीकडचं कंपॅटिबल. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, ताई. मीटिंग पंधरा तारखेला आहे."

मी दोन्ही उचलून पाहिली. वजन सारखंच होतं.

सहा आठवड्यांनी मी त्या दिवशी कामावर आले होते. तेरा ऑक्टोबरला, सातव्या महिन्यातच, मला मुलगा झाला होता. नऊशे दहा ग्रॅम. आमच्याच हॉस्पिटलात झाला, आमच्याच नवजात कक्षात त्याला ठेवलं आणि पाचव्या दिवशी तो गेला. हे आता दहा वर्षांनी ज्या सुरात सांगते आहे, त्याच सुरात तेव्हाही सांगत होते. भेटायला आलेल्या बायका रडायच्या आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे.

कामावर कुणी काही विचारलं नाही. माझी खुर्ची पुसून ठेवलेली होती. कॅन्टीनच्या मावशींनी न मागता चहा आणला आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्यामुळे प्रल्हादभाऊंनी सरळ मॉड्युलांचा विषय काढला, ते मला बरं वाटलं. बरं म्हणजे, निदान त्या प्रश्नाला उत्तर होतं.

मी तेव्हा खानदेशातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेटवर्क बघत असे. हुद्दा प्रमुखाचा होता, पण विभागात मी, प्रल्हाद सपकाळे आणि एक शिडी एवढेच होतो. प्रल्हादभाऊ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, केबल ओढण्यात आयुष्य गेलेलं. जुन्या इमारतीतला नवजात कक्ष जानेवारीत मागच्या नव्या इमारतीत हलणार होता. सर्व्हरची खोली मात्र जुन्याच इमारतीत राहणार होती. मधलं अंतर जमिनीखालच्या नळीतून काचेच्या केबलनं जोडायचं होतं.

मॉड्युल म्हणजे करंगळीएवढी धातूची डबी. ती स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या यंत्राच्या, खाचेत बसते आणि आतल्या संकेतांचा प्रकाश करून केबलमध्ये सोडते. पलीकडच्या टोकाला तसंच दुसरं मॉड्युल असतं, ते त्या प्रकाशाचे पुन्हा संकेत करतं. बाळांच्या छातीला चिकटवलेल्या तारांपासून ते साठवलेल्या एक्स-रेपर्यंत सगळं त्या दोन डब्यांमधून जाणार होतं.

"अंतर मोजलंत?" मी विचारलं.

"एकशे तीस मीटर. टेप लावून."

"केबल कुठली टाकली?"

"नवी. ती समुद्री रंगाची."

"मधे कुठे जुनी नारिंगी जोडलेली नाही ना?"

"मी स्वतः ओढली, ताई."

तरी मी उठले. स्वस्त, कमी पल्ल्याचं मॉड्युल नव्या केबलवर तीनशे मीटर आरामात चालतं. पण आमच्या जुन्या नारिंगी केबलवर तेच तीस मीटरच्या पुढे अडखळायला लागतं. लाइन चालू दिसते आणि माहिती मात्र गळत राहते. त्यामुळे मधे दोन हात जरी जुनी केबल असती, तरी सगळा हिशेब चुकला असता. आम्ही दोघं भर उन्हात दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यातून चालत गेलो. प्रल्हादभाऊंनी एकेक चौकोनी झाकण पहारीनं उचललं. मी वाकून आत टॉर्च मारला. चारही ठिकाणी समुद्री रंग होता. एका खड्ड्यात बेडूक होता. मी त्याच्यावर बराच वेळ टॉर्च धरून उभी होते, असं प्रल्हादभाऊंनी नंतर कधीतरी सांगितलं. मला ते आठवत नाही.

पुण्याहून आमचे सल्लागार कुलथे साहेब यायचे. त्यांच्या अहवालात दहा किलोमीटर पल्ल्याची ओरिजिनल मॉड्युलं होती, आणि त्यांना लागणारी वेगळी केबलही. ओरिजिनल म्हणजे ज्या कंपनीचा स्विच, तिचंच लेबल असलेलं. एकाची किंमत पन्नास हजारांच्या घरात. कमी पल्ल्याचं कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कारखान्यात बनलेलं पण त्याच स्विचमध्ये चालणारं, साडेचार हजारांत मिळत होतं.

मी पुरवठादाराकडून सहा कंपॅटिबल मॉड्युलं चाचणीसाठी मागवली. स्विचनं पहिल्या दिवशी त्यांना ओळखलंच नाही. पुरवठादारानं त्यांच्या आतली ओळख बदलून पाठवली, मग ओळखलं. उरलेल्या केबलचं रीळ मी माझ्या खोलीत आणवलं, दोन टोकांना मॉड्युलं लावली आणि दिवसरात्र माहिती वाहती ठेवली. आमच्याकडे एप्रिलमध्येच पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून सगळं एका लोखंडी कपाटात कोंबलं आणि आत दोनशेचा बल्ब लावून दार लावून घेतलं. दर तासाला उठून तापमान आणि चुकलेल्या संकेतांचा आकडा वहीत लिहायचा, एवढंच माझं काम. आकडा शून्य असायचा. मी शून्य लिहायचे. चौथ्या दिवशी सहांतलं एक मॉड्युल बंद पडलं. मी वेळ लिहिली आणि ते बाजूला काढलं. बाकीची पाच चालत राहिली.

घरी नवरा असायचा, हेमंत. तो ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. मी काय करते आहे ते त्याला समजलं असतं, आधीसारखं सांगितलं असतं तर. पण आम्ही दोघं त्या दिवसांत कुकरच्या शिट्ट्या आणि गॅसचा नंबर याच्या पलीकडे बोलत नव्हतो. कारण साधं होतं. सतरा तारखेच्या दुपारी तो अंघोळीला घरी गेला होता. चार दिवस त्याच शर्टात होता म्हणून मीच त्याला पाठवलं होतं. आणि मी वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, झोपले होते. चार वाजता मला नर्सनं हलवून उठवलं. व्हीलचेअर येईना म्हणून भिंतीला धरून मी जिना उतरले. खाली पोचले तेव्हा चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. बाळ चार वाजून पाच मिनिटांनी गेलं होतं.

म्हणजे आम्ही दोघंही तिथं नव्हतो. हे वाक्य आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं, आणि दुसरंही काही म्हणता येत नव्हतं.

मीटिंगच्या तीन दिवस आधी मला तुलनेसाठी जुन्या मॉड्युलांचे आकडे हवे होते. जुन्या नवजात कक्षाच्या लाइनवर वर्षभरापूर्वी घेतलेली ओरिजिनल मॉड्युलं होती. ती मीच निवडली होती. तेव्हाही कुलथे साहेबांनी सांगितलं होतं आणि मला पटलं होतं, की बाळांच्या कक्षाला स्वस्तातलं नको. मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि त्या लाइनचं वर्षभराचं वागणं वरून खाली वाचत गेले. सगळीकडे हिरवं होतं. एका ठिकाणी दोन ओळी लाल होत्या.

सतरा ऑक्टोबर. दुपारी तीन बारा, लाइन बंद. तीन एक्कावन्न, लाइन चालू.

आणि चालू झालेल्या मॉड्युलाचा क्रमांक वेगळा होता. मी यादीत पाहिलं. तो क्रमांक अकाउंट्सच्या मजल्यावरच्या लाइनीचा होता.

प्रल्हादभाऊ कॉरिडॉरमध्ये शिडीवर होते, छताची एक फरशी सरकवून आत हात घातलेला. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"प्रल्हादभाऊ, सतरा ऑक्टोबरला नवजात कक्षाची लाइन गेली होती?"

त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"गेली होती."

"किती वेळ?"

"तुम्ही बघितलं असेलच की."

"तुम्ही सांगा."

"पाऊण तास धरा. त्याच्या थोडा आत." ते एकेक पायरी खाली आले. हाताला धूळ लागली होती, ती पँटला पुसत राहिले. "मॉड्युल मेलं होतं. आधी वाटलं केबल असेल, म्हणून मीटर लावून बघितला. प्रकाशच येईना. जास्तीचं तर आपल्याकडे नव्हतं. मग अकाउंट्सचं काढायला पळालो. त्यांच्या खोलीला कुलूप, शिपाई जेवायला गेलेला. त्याला शोधून आणला."

"मला का नाही सांगितलं?"

"कधी सांगू, ताई?"

एक आया बादली घेऊन आमच्या मधून गेली.

"मागच्या वर्षी यादीवर तुम्ही दोन जास्तीची लिहिली होती," मी म्हटलं. "पेन्सिलनं."

"असेल."

"मी खोडली होती. म्हटलं होतं, ओरिजिनल आहेत, दहा वर्षं त्यांच्याकडे बघायला लागणार नाही."

"सोडा ना, ताई."

"तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, एक तरी ठेवू."

"मी खूप काही म्हणत असतो," प्रल्हादभाऊ म्हणाले आणि शिडी मिटवायला लागले. काम अर्धंच झालं होतं तरी.

मी खोलीत परत आले. लाइन गेली तरी बाळाच्या उशाशी असलेला मॉनिटर चालूच राहतो, हे मला ठाऊक होतं. तो त्याचा आवाज करतो, त्याचे आकडे दाखवतो. बंद पडतो तो फक्त सिस्टरांच्या टेबलावरचा मोठा पडदा, जिथं सगळ्या बाळांचे आकडे एकत्र दिसतात. आणि तेवढ्या वेळाची नोंद साठत नाही. मला त्या नोंदी उघडता येत होत्या. उघडायला नको होत्या, पण उघडल्या. 'बेबी ऑफ वृषाली' असं नाव होतं. हृदयाच्या ठोक्यांची हिरवी रेघ तीन बारापर्यंत होती. मग रिकामी जागा. मग तीन एक्कावन्नपासून पुन्हा रेघ, पण खालच्या पातळीवर, आणि चौदा मिनिटांनी ती संपली.

मी त्या रिकाम्या जागेची रुंदी स्क्रीनवर पट्टी लावून मोजली. सव्वातीन सेंटिमीटर भरली. मग डबा उघडून जेवले. भेंडीची भाजी होती.

पंधरा डिसेंबरला मीटिंग झाली. ट्रस्टचे सेक्रेटरी झोपे काका, नवजात कक्षाच्या प्रमुख डॉक्टर नहाटा, कुलथे साहेब आणि मी. कुलथे साहेबांनी चांगल्या छापलेल्या कागदांचे चार संच आणले होते. माझ्याकडे वही होती.

"माझं म्हणणं एवढंच आहे," कुलथे साहेब म्हणाले, "की ही धान्याच्या गोदामाची लाइन नाही. नवजात कक्ष आहे. तिथं लेबल नसलेलं मॉड्युल लावायचं आणि उद्या ते बंद पडलं, तर जबाबदार कोण?"

"बंद पडेल," मी म्हटलं.

झोपे काकांनी चष्मा वर केला. "काय म्हणालीस?"

"सहांतलं एक चौथ्या दिवशी बंद पडलं. वहीत वेळ लिहिली आहे. उरलेली पाच बारा दिवस चालली, बासष्ट अंश तापमानात. एकही संकेत चुकला नाही. तरी त्यांतलं एखादं कधी ना कधी बंद पडणारच."

"बघा, मॅडम स्वतःच सांगताहेत," कुलथे साहेब म्हणाले.

"ओरिजिनलही बंद पडतं."

"हजारात एखादं."

"ते एखादं आपल्याकडे होतं."

मी वही उघडली नाही. तारीख पाठ होती.

"सतरा ऑक्टोबरला जुन्या नवजात कक्षातलं ओरिजिनल मॉड्युल गेलं. लाइन एकोणचाळीस मिनिटं बंद होती. दुरुस्तीला पाच मिनिटं पुरली असती. बाकीचा वेळ मॉड्युल शोधण्यात गेला, कारण एवढं महागडं आपण जास्तीचं घेतलं नव्हतं. यादीतून ते मी खोडलं होतं."

झोपे काकांना तारखेचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुलथे साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. ते सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. डॉक्टर नहाटांनी मान खाली घातली होती आणि त्यांच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं.

"अंतर एकशे तीस मीटर आहे," मी पुढे म्हणाले. "तीनशे मीटरचं मॉड्युल तिथं पुरतं. दहा किलोमीटरचं लावून प्रकाश काही जास्त शहाणा होत नाही. कंपॅटिबल घेतलं तर एकाऐवजी दोन लाइनी टाकता येतात, दोन वेगवेगळ्या स्विचवर. एक गेली की दुसरी आपोआप घेते. आणि चार जास्तीची मॉड्युलं नवजात कक्षाच्याच कपाटात राहतील, किल्ली सिस्टरांकडे. एवढं करूनही कुलथे साहेबांच्या आकड्याच्या निम्म्यात बसतं."

"सिस्टर मॉड्युल बदलणार?" कुलथे साहेबांनी विचारलं.

"प्रल्हादभाऊ शिकवतील. कडी ओढायची, जुनं काढायचं, नवं सारायचं. सलाइन लावण्यापेक्षा सोपं आहे."

कुणी हसलं नाही. माझंही लक्ष नव्हतं.

"डॉक्टर, तुमचं काय?" झोपे काकांनी विचारलं.

"वृषाली म्हणतेय तसं करा," डॉक्टर नहाटा म्हणाल्या.

खोली रिकामी झाल्यावर त्या मागे थांबल्या. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"तू त्या दिवसाचं असं बोलशील हे मला वाटलं नव्हतं."

"आकडा द्यायचा होता."

"वृषाली, पडदा बंद होता म्हणून काही फरक पडला नाही. उशाशी मॉनिटर चालू होता. मी पाच मिनिटांत आले होते. त्याची फुप्फुसं..."

"तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत, डॉक्टर."

"तुला पटलेलं दिसत नाही."

"पटलंय," मी म्हटलं. खरंच पटलं होतं. पटण्यानं काही होत नव्हतं, एवढंच. मी वही उचलली आणि खोलीत जाऊन पुरवठ्याची ऑर्डर लिहिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवा कक्ष तयार झाला. बाळं यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि प्रल्हादभाऊ तिथं मॉड्युलं बसवायला गेलो. भिंतींना फिकट पिवळा रंग होता. दहा काचेच्या पेट्या रिकाम्या, ओळीनं. जुन्या कक्षाच्या दाराशी जाणं मी तीन महिने टाळलं होतं. या खोलीत मी कधी आले नव्हते, त्यामुळे आत शिरताना काही वाटलं नाही.

आत पावरा सिस्टर एकट्याच होत्या. शेवंता पावरा, धडगावकडच्या. बारीक अंगाच्या, तिशीच्या आतबाहेर. जुन्या कक्षातही त्या होत्या, त्या पाच दिवसांत मी त्यांना पाहिलं होतं. मला बघून त्यांनी मान हलवली आणि कपाटात कापसाचे गठ्ठे लावायला लागल्या.

प्रल्हादभाऊ सर्व्हरच्या खोलीत गेले. मी इकडे भिंतीवरच्या पेटीत चार खाचांपैकी दोन भरल्या. फोनवर बोलत प्रल्हादभाऊंनी तिकडच्या भरल्या. दिवे हिरवे झाले. मी टेबलावरचा मोठा पडदा चालू केला. चाचणीसाठी एका मॉनिटरला बनावट ठोके देणारं यंत्र जोडलं होतं. रेघ पडद्यावर उमटली.

"सिस्टर, जरा इकडे बघता?" मी हाक मारली. त्यांना दाखवणं भाग होतं. "आता मी एक लाइन काढते आहे. पडद्याकडे लक्ष ठेवा."

मी पहिली केबल उपसली. रेघ क्षणभरही अडली नाही. ठोके पडत राहिले.

"गेली लाइन?" सिस्टरांनी विचारलं.

"गेली. दुसरीनं घेतली."

"मग आता हा कधी काळा होत नाही?"

"होऊ नये."

त्यानंतरच्या दहा वर्षांत तिथली तीन मॉड्युलं गेली. प्रत्येक वेळी सिस्टरांनीच बदललं आणि नंतर आम्हाला फोन केला. पडदा कधी काळा झाला नाही. पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी केबल परत खोचत होते आणि सिस्टर माझ्या मागेच उभ्या होत्या.

"त्या दिवशी झाला होता," त्या म्हणाल्या.

मी वळले नाही. "कळलं मला. नोंदी बघितल्या."

"तुमचं बाळ होतं तेव्हा."

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं का, मी तिथं होते म्हणून?"

"ड्युटी तुमची होती. डॉक्टर म्हणाल्या."

"ड्युटीचं नाही." त्या थांबल्या. "मॅडम, तुम्ही बसता का जरा?"

मी बसले नाही. पेटीच्या दाराला धरून उभी राहिले.

"आम्ही नेहमी टेबलाशी बसतो," सिस्टर म्हणाल्या. "पडद्यावर सगळी दिसतात ना. आठ बाळं होती आणि आम्ही दोघी. पडदा गेला तेव्हा मी दुसरीला म्हटलं, तू बाकीची बघ, मी याच्याशी बसते. तुमचं सगळ्यात लहान होतं. स्टूल ओढलं आणि पेटीजवळ बसले. तिच्या काचेतल्या खिडक्यांतून दोन्ही हात आत घातले. असे."

त्यांनी हात करून दाखवले. एक तळहात वरती, वाटीसारखा. दुसरा खाली, तसाच. मधे जेमतेम वीतभर जागा.

"एक डोक्यावर आणि एक पायांशी. तसं धरलं की त्यांना पोटातल्यासारखं वाटतं. तो आधी हातपाय झाडत होता. धरल्यावर थांबला."

"किती वेळ?"

"लाइन आली तरी मी उठले नाही. डॉक्टर आल्या, त्यांनी सगळं केलं, तेव्हासुद्धा डोक्यावरचा हात काढला नव्हता. शेवटपर्यंत होता."

बनावट ठोके पडद्यावर चालूच होते. सिस्टरांनी जाऊन ते यंत्र बंद केलं आणि परत आल्या.

"रडत होता?"

"नळी होती ना घशात. आवाज येत नाही त्यांचा. पण रडत नव्हता, कळतं आम्हाला. मी बोलत होते त्याच्याशी. आमच्या पावरीत. लहान पोरांशी मला मराठीत बोलायला येत नाही, मॅडम. शिकले सगळं मराठीत, पण ते नाही येत."

"काय बोलत होतात?"

"काही नाही हो. घरचंच." त्यांना थोडं लाजल्यासारखं झालं. "मका निघालाय म्हटलं. आई अंगणात कणसं सोलत बसली असेल, कोंबड्या मधे मधे करत असतील. भाऊ छपरावर चढलाय, कौलं नीट करतोय. असलंच. सुचेल ते."

मला त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि ते काय ते सापडत नव्हतं. शेवटी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आलाच नाहीत परत. आणि समोर दिसलात की तुमच्याकडे बघून भीती वाटायची." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? पडदा चालू असता तर मी टेबलाशीच बसले असते. तिथूनच बघितलं असतं."

फोन वाजत होता. प्रल्हादभाऊ पलीकडून विचारत होते, झालं का, दुसरी पण काढून बघायची का. मी म्हटलं, बघू. मी दुसरी केबल काढली, पहिलीनं घेतली. मी ती परत लावली. वहीत वेळ लिहिली. सिस्टरांना जास्तीच्या मॉड्युलांची डबी दिली, कपाटाची किल्ली दिली. त्यांनी सही केली. जाताना मी त्यांचे दोन्ही हात धरले. कशासाठी ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी ते माझ्या हातात तसेच राहू दिले, प्रल्हादभाऊ दारात येऊन उभे राहीपर्यंत.

मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच घरी गेले. त्याआधी कधी गेले नव्हते. हेमंतचं कॉलेज सकाळचं, तो घरी होता. नळाला पाणी आलं होतं आणि तो मोरीत उभा राहून पिंप भरत होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला अवेळी आलेलं बघून तो घाबरला.

"काय झालं?"

"हेमंत, तो एकटा नव्हता."

पाण्याचा आवाज मोठा होता. त्याला ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणणार होते. पण त्यानं नळ बंद केला. पिंप अर्धंच भरलं होतं. तो तसाच मोरीच्या कठड्यावर टेकला, ओल्या पायांनी, आणि म्हणाला, "सांग."

मी त्याच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. सिस्टरांनी दाखवले तसे हात करून दाखवले, एक वर, एक खाली, आणि सांगून झाल्यावरही ते तसेच धरून ठेवले.